जिल्हा परिषद निवडणूक आणि आपली शेती : कुडाळच्या शेतकऱ्याने नेमके काय मागावे?

मार्च २०२२ पासून २०२५ अखेरपर्यंत सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेत आणि कुडाळसह जिल्ह्यातल्या पंचायत समित्यांत लोकांनी निवडून दिलेला एकही सदस्य नव्हता. मुदत संपली, इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकला आणि कारभार प्रशासकाकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले. पुढे ती मुदत वाढवून ३१ जानेवारी २०२६ केली. निवडणूक आली की उमेदवार तुमच्या खळ्यात येतात. रस्ता, साकव, समाजमंदिर यांची बोलणी होतात. शेतीबद्दल मात्र 'शेतकऱ्यांच्या पाठीशी आहोत' एवढ्यावर विषय संपतो, कारण जिल्हा परिषद शेतीसाठी नेमके काय करू शकते हे विचारणाऱ्यालाही माहीत नसते आणि उत्तर देणाऱ्यालाही.

हा लेख कोणाला मत द्यावे यासाठी नाही. स्थानिक संस्थांच्या हातात शेतीचे कोणते काम खरोखर आहे, कोणते नाही, आणि जे आहे ते कसे करून घ्यायचे, एवढेच येथे पाहू.

कागदावर पहिला विषय शेतीचा

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याचे २९ विषय दिले आहेत आणि त्यातला पहिला विषय शेती व कृषी विस्तार हा आहे. महाराष्ट्रात तर त्याच्याही तीस वर्षे आधी, १९६१ च्या कायद्याने, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या होत्या. शेतीची कामे आणि माणसे तेव्हा मोठ्या प्रमाणात जिल्हा परिषदेकडे होती. १९९८ मध्ये कृषी खात्याची फेररचना झाली. एक खिडकी पद्धत आली आणि बहुतेक योजना व गावपातळीवरचा कर्मचारी राज्याच्या कृषी विभागाकडे गेला.

त्यामुळे आज दोन समांतर यंत्रणा आहेत:

- राज्य शासनाची : जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, उपविभागीय कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी, मंडळ कृषी अधिकारी आणि गावात कृषी सहायक. फळबाग लागवड, यांत्रिकीकरण, ठिबक, पीक विमा, महाडीबीटीवरच्या बहुतेक योजना या रांगेतून येतात.
- जिल्हा परिषदेची : कृषी विकास अधिकारी, पंचायत समितीत कृषी अधिकारी आणि विस्तार अधिकारी. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना, अनुसूचित जमातींसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना, बायोगॅस, स्वतःच्या उत्पन्नातून अवजारांना अनुदान आणि निविष्ठांचे गुणनियंत्रण ही तिची मुख्य कामे.

याचा त्रास कसा होतो ते पंचनाम्यात दिसते. कापलेले भात पावसात भिजले की पंचनाम्यावर तिघांच्या सह्या लागतात : तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. एक महसूल खात्याचा, दुसरा जिल्हा परिषदेचा, तिसरा कृषी खात्याचा. तिघांची पदनामे अलीकडे बदलली. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी अशी नवी नावे आली, पण साहेब तिघांचे तीनच राहिले. ३३ टक्क्यांपेक्षा जास्त नुकसान झाले तरच मदत मिळते आणि ते ठरते या तिघांच्या पाहणीवर. तिघे एकाच दिवशी बांधावर आणणे हे कोणा एका खात्याचे काम नाही. ते काम सरपंचाने आणि पंचायत समिती सदस्याने करायचे असते. सदस्यच नसला की शेतकरी तीन कार्यालयांच्या पायऱ्या झिजवतो.

प्रशासक असताना काय थांबले?

प्रशासक आला म्हणून कार्यालय बंद पडत नाही. पगार होतात, योजना चालतात. थांबते ते वेगळे.

पहिले म्हणजे विषय समित्या. जिल्हा परिषदेत कृषी समिती, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय समिती, जलव्यवस्थापन समिती अशा समित्या असतात. स्वतःच्या उत्पन्नातले किती रुपये ग्रास कटरला, किती पंपाला, किती बंधाऱ्याला हे तिथे ठरते आणि माणगाव खोऱ्याचा सदस्य तिथे आपल्या भागाचे मागतो. ही चर्चा साडेतीन वर्षे झालीच नाही. सगळे निर्णय एका टेबलावर झाले.

दुसरे म्हणजे पैसा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला महाराष्ट्रातला वाटा ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के असा ठरला. पण हा निधी निवडून आलेले सभागृह असलेल्या संस्थांसाठीच होता. सभागृह नसल्यामुळे जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा वाटा अडकला. या आयोगाचा कालावधी मार्च २०२६ पर्यंतचाच होता.

ग्रामपंचायतींच्या निवडणुका मात्र मधल्या काळात होत राहिल्या. म्हणून आज तुमच्या हाताशी असलेली सगळ्यात जिवंत संस्था म्हणजे तुमची ग्रामपंचायत. निवडणूक होवो न होवो, पुढची दोन कामे तिच्याकडूनच होणारी आहेत.

काम पहिले : व्हाळाचे पाणी अडवणे

आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि फेब्रुवारीत विहिरी तळ दाखवतात. जांभ्या जमिनीत पाणी थांबत नाही, उतार जास्त, समुद्र जवळ. नोव्हेंबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत व्हाळ वाहता असतो. त्याच वेळी तो अडवला तर आजूबाजूच्या विहिरींना फेब्रुवारी-मार्चपर्यंत आधार मिळतो. जानेवारीत बांधलेला बंधारा फोटोपुरता असतो.

वनराई बंधाऱ्याला लागणारी सामग्री थोडी आहे : रिकामी सिमेंटची पोती, माती-वाळू आणि पंधरा-वीस माणसांचा एक दिवस. सिंधुदुर्गात जिल्हा परिषद दरवर्षी ग्रामपंचायतींना कच्च्या व वनराई बंधाऱ्यांची उद्दिष्टे देते. उद्दिष्ट आकड्यात पूर्ण होते, पण बंधारा कुठे घातला यावर त्याचा उपयोग ठरतो. जागा निवडताना हे पाहा:

- व्हाळ अरुंद आहे आणि दोन्ही काठ पक्के आहेत अशी जागा. वाळूच्या रुंद पात्रात पाणी पोत्यांखालून निघून जाते.
- वरच्या बाजूला पाणी साठेल एवढी सपाटी हवी. तीव्र उतारावर साठा होत नाही.
- शंभर-दोनशे मीटरच्या आत विहिरी, माड-पोफळीची बाग, वायंगण भात, भुईमूग किंवा भाजीचे क्षेत्र हवे.
- पोती विटांच्या बांधकामासारखी सांधे मोडून रचावीत. पाया रुंद, माथा अरुंद. मधल्या फटीत चिकट माती ठासावी. जादा पाणी वरून जाण्यासाठी मध्यभाग थोडा खाली ठेवावा.
- पावसापूर्वी पोती काढावीत, नाहीतर पहिल्या पुरात काठ कापला जातो.

दरवर्षी एकाच जागी कच्चा बंधारा घालत असाल तर तिथे पक्क्या बंधाऱ्याचा प्रस्ताव गावाच्या आराखड्यात घाला. शंभर हेक्टरपर्यंतची लहान सिंचन कामे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. वित्त आयोगाच्या बंधित निधीतला एक भाग पिण्याचे पाणी व पावसाचे पाणी साठवणे यासाठी आहे. आराखड्यात नाव नसलेल्या कामाला पैसा मिळत नाही आणि आराखड्यात नाव घालण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे, आमदार-खासदाराचा नाही.

काम दुसरे : मोकाट गुरे आणि वणवा

भात कापले की गुरे मोकळी सोडायची ही आपली जुनी रीत. पूर्वी सगळेच भातानंतर जमीन पड टाकत, म्हणून ती चालली. आज एखाद्याने ओलाव्यावर कुळीथ, चवळी किंवा पाणी आहे म्हणून कलिंगड घेतले तर त्याला एकट्याला संपूर्ण मळ्याला कुंपण घालावे लागते. कुंपणाचा खर्च पिकाच्या उत्पन्नाएवढा जातो. दुसरे पीक न घेण्याचे कारण विचारा, पाण्याच्या बरोबरीने गुरांचे नाव येते.

यावर कृषी विद्यापीठाकडे वाण नाही आणि राज्य शासनाकडे योजना नाही. उपाय फक्त गावाकडे आहे. ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामपंचायतीला कोंडवाडा उघडण्याचा, त्यावर माणूस नेमण्याचा आणि गुरे सोडवताना दंड घेण्याचा अधिकार दिला आहे. तो वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, सरसकट बंदीचा ठराव टिकत नाही, कारण ज्यांच्याकडे चार गुरे आणि दहा गुंठे जमीन आहे त्यांनी चारा आणायचा कुठून? म्हणून मळ्याचा कोणता भाग कोणत्या तारखेपर्यंत राखायचा आणि चराईसाठी कोणता भाग मोकळा ठेवायचा, हे वाडीवार ठरवा. दोन, दंड भावकी बघून नको. पहिल्याच आठवड्यात एका वजनदार माणसाची गुरे कोंडली गेली तर ठराव टिकतो, सोडली गेली तर मोडतो.

वणव्याचेही असेच. जानेवारी ते मार्च या काळात सुके गवत पेटते आणि सात-आठ वर्षांची काजूची बाग एका दुपारी जाते. प्रत्येकाने आपल्या बागेभोवती डिसेंबरमध्येच जाळरेषा काढावी हे खरे, पण सड्यावर शेजारच्या पडीक जमिनीचा मालक मुंबईत असतो. तिथे गवत कोण कापणार? सामाईक जाळरेषेचे काम ग्रामपंचायतीने घ्यावे, असा ठराव हवा.

काम तिसरे : दुकान आणि रोपवाटिकेवर नजर

स्थानिक यंत्रणेच्या नियंत्रणाची शेतकऱ्याला सर्वांत जास्त गरज इथे आहे. बियाण्यासाठी १९६६ चा कायदा व १९८३ चा नियंत्रण आदेश, खतांसाठी १९८५ चा नियंत्रण आदेश, कीटकनाशकांसाठी १९६८ चा कायदा. कायदे पुरेसे आहेत. पंचायत समितीचे कृषी अधिकारी हे निविष्ठांचे निरीक्षक असतात. दुकानाची तपासणी करणे, साठा पुस्तक पाहणे, नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवणे, गैरप्रकार असल्यास विक्री थांबवणे हे त्यांच्या अधिकारात येते. पण एका तालुक्यात एक-दोन निरीक्षक आणि त्यांच्यामागे इतर सतरा कामे. तक्रार आल्याशिवाय पाय हलत नाहीत, आणि तक्रार येत नाही कारण बिल नसते.

४५ किलो युरियाच्या गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे आहे. ती जादा दराने दिली, किंवा 'युरिया हवा तर हे औषध पण घ्या' असे सांगितले, तर दोन्ही बेकायदा आहे. पण पॉस मशीनची पावती किंवा पक्के बिल हातात नसेल तर निरीक्षक काय सिद्ध करणार? बियाण्याचेही तेच. उगवण झाली नाही तर पिशवी, टॅग, बिल आणि थोडे बियाणे राखून लगेच तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीकडे लेखी अर्ज द्या. उपविभागीय कृषी अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. पण शेत नांगरून दुबार पेरणी केल्यावर समिती पाहणार काय? अर्ज आधी, नांगर नंतर.

रोपवाटिकेची बाब तर आणखी गंभीर आहे. भाताचे बियाणे फसले तर एक हंगाम जातो. काजू-आंब्याचे कलम फसले तर कळायलाच चार-पाच वर्षे लागतात. काजूची सात बाय सात मीटरवर हेक्टरी २०० कलमे लागतात. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ म्हणून घेतलेली कलमे भलत्याच झाडाच्या काडीवर बांधलेली निघाली तर कोणते अनुदान ते नुकसान भरून काढणार? महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे आणि परवाना सक्तीचा आहे. कलमे घेताना परवाना पाहा, मातृवृक्ष दाखवायला सांगा, बिलावर जातीचे नाव व संख्या लिहून घ्या. रस्त्याकडेच्या टेम्पोतून कलमे घेऊ नका. पाच रुपये वाचतात आणि पाच वर्षे जातात.

जिथे जिल्हा परिषदेचा हात पोचत नाही

काही मागण्या योग्य असतात, पण चुकीच्या दारात केल्या जातात. काजू बीचा दर जिल्हा परिषद ठरवत नाही. गोव्याने २०२३ मध्ये काजूचा आधारभूत दर किलोला १५० रुपये केला, तो राज्य सरकारने. आपल्याकडे २०२४ च्या हंगामासाठी किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर झाले, तेही राज्याने. त्या वेळी किती जणांकडे विक्रीची पक्की पावती होती ते आठवा. गावातल्या व्यापाऱ्याला काटा करून रोख पैसे घेतले की नोंद राहत नाही. दराची लढाई मोठी आहे, पावतीची सवय मात्र आजपासून लावता येते.

दुसरी अडचण सामाईक सातबाऱ्याची. एका उताऱ्यावर तीस-चाळीस नावे, अर्धे मुंबईत, काही हयात नाहीत. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणासाठी किमान १० गुंठे ते कमाल १० हेक्टर अशी सवलत आहे, उर्वरित महाराष्ट्रात ती मर्यादा २० गुंठे ते ६ हेक्टर आहे. पण संमतीपत्रे जमत नाहीत म्हणून ही सवलत कागदावर राहते. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, त्यामुळे नोंदी दुरुस्त करणे आता टाळता येणार नाही. सर्व खातेदार संमत असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार तहसीलदारांकडून वाटप होते. हे काम महसूल खात्याचे आहे. ग्रामपंचायत एवढे करू शकते : गणपतीच्या सुट्टीत चाकरमानी गावात असताना तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांना एकत्र बसवून वारसनोंद व संमतीपत्रांचे शिबिर. वर्षातले तेच आठ-दहा दिवस सगळे खातेदार एका अंगणात असतात.

तिसरी अडचण कुडाळ शहराची. कुडाळ नगरपंचायत झाल्यापासून तिच्या हद्दीतला शेतकरी ग्रामसभा, रोजगार हमीची ग्रामीण कामे आणि जिल्हा परिषदेच्या योजनांच्या बाहेर गेला. त्याचे भात आणि त्याची बाग मात्र तिथेच आहेत. अशा शेतकऱ्यांनी जिल्हा परिषदेत हेलपाटे घालू नयेत. महाडीबीटीवर राज्याच्या योजनांना अर्ज करावा आणि पाणी, गुरे, सांडपाणी याबाबत नगरपंचायतीकडे लेखी मागणी द्यावी.

दुसरीकडे कसे चालते?

आपल्यासारखाच जांभा, आपल्यासारखीच माड-पोफळ-काजूची शेती असलेल्या केरळने १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांना देण्याचे ठरवले. पंचायतीच्या पातळीवर कृषी भवन आणि त्यात कृषी अधिकारी, तोही पंचायतीला जोडलेला. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. पडीक जमीन आणि मजूरटंचाई तिथेही आहे. पण शेतकऱ्याला दार एकच ठोठवावे लागते. आपल्याकडे तीन दारे आहेत. कायदा बदलेपर्यंत ती तिन्ही महिन्यातून एकदा एका जागी आणणे एवढे तरी निवडून येणाऱ्या सदस्याने करावे.

उमेदवाराला विचारण्याचे पाच प्रश्न

१. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून शेतीसाठी किती तरतूद मागाल आणि लाभार्थी यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाल का?

२. आपल्या गणातले दरवर्षी कच्चे घातले जाणारे किती बंधारे पक्के करण्याचा प्रस्ताव द्याल?

३. तालुक्यात एका हंगामात किती दुकाने तपासली, किती नमुने काढले, किती नापास झाले, याचा आकडा पंचायत समितीच्या सभेत मागाल का?

४. नुकसान झाल्यावर तिन्ही कर्मचारी ठरल्या दिवशी बांधावर येतील याची जबाबदारी घ्याल का?

५. कोंडवाड्यासाठी ग्रामपंचायतीला जागा व खर्च मिळवून द्याल का?

पाचही प्रश्नांची उत्तरे सदस्याच्या अधिकारात बसणारी आहेत. 'वर बोलतो' हे त्यातल्या एकाचेही उत्तर होत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकऱ्याचा अर्ज चुकीच्या खात्याकडे आला तर परत पाठवताना योग्य खात्याचे नाव अर्जावर लिहून द्या. गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृषी विकास समिती असते. ती बहुतेक ठिकाणी नोंदवहीत आहे, बैठकीत नाही. बंधाऱ्याच्या जागा, गुरे राखण्याच्या तारखा आणि निविष्ठांच्या तक्रारी हे तीन विषय घेऊन तिची एक बैठक डिसेंबरमध्ये लावली तरी तिला काम मिळेल. तांत्रिक माहितीसाठी मुळदे येथील उद्यानविद्या महाविद्यालय, वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आणि किर्लोसचे कृषी विज्ञान केंद्र हाकेच्या अंतरावर आहेत.

पुढच्या वर्षाचा गावाचा आराखडा याच दिवसांत तयार होतो आणि २६ जानेवारीच्या आसपास ग्रामसभा येते. तिला जाताना लेखी अर्ज घेऊन जा, पोच घ्या आणि ठराव इतिवृत्तात आला का ते पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत जाऊन वाचा. बंधाऱ्यासाठी मात्र त्या तारखेची वाट पाहू नका. व्हाळाचे पाणी आत्ता वाहते आहे.